आतड्याच्या गाठीतली चरबी ताटातून येते का?

स्लाइडवाली (धागाकर्ती)

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टात एक ओळ वारंवार येते: गाठ स्नायूंचा थर ओलांडून 'पेरिकोलिक फॅट'मध्ये पोचली आहे. ही ओळ वाचून घरातलं तूप बंद होतं, शेंगदाण्याचं कूट हद्दपार होतं आणि आधीच खंगलेल्या माणसाला उकडलेल्या दुधीवर ठेवलं जातं. असे रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती ओळ मिटवू. मोठ्या आतड्याच्या बाहेरून चरबीचा थर सगळ्यांनाच असतो, काडीपहिलवानालाही. गाठ आतल्या अस्तरात सुरू होते आणि बाहेर वाढत जाते. स्नायू पार करून त्या चरबीत शिरली की तिला टी-३ म्हणायचं. गाठ किती खोल गेली एवढंच ती ओळ सांगते. रुग्ण काय खात होता, हे तिच्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

गाठीच्या पेशींच्या आतमध्ये मात्र चरबीचा मोठा कारभार चालतो. आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना तो दिसत नाही, आणि त्याचं कारण आमच्याच खोलीत आहे. ऑपरेशनहून आलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये, मग अल्कोहोलमध्ये, मग झायलीनमध्ये आणि शेवटी मेणात जातो. अल्कोहोल आणि झायलीन चरबी विरघळवून नेतात. त्यामुळे गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर चरबीच्या जागी नुसती पांढरी भोकं उरतात. चरबीच बघायची असेल तर ताजा तुकडा गोठवून कापावा लागतो आणि ऑइल रेड ओ सारखा रंग द्यावा लागतो. रोजच्या कामात हे कोण करतंय! केंद्रकं आणि ग्रंथींचे आकार यांवर आमच्या शाखेने जाडजूड ग्रंथ लिहिले आणि चरबी झायलीनबरोबर ओतून दिली.

हा कारभार उघडकीला आणला जीवरसायनवाल्यांनी. ऑटो वारबुर्गने १९२०च्या दशकात गाठी साखर कशी अधाशासारखी वापरतात ते दाखवलं होतं, आणि पुढची कित्येक दशकं सगळ्यांचं लक्ष साखरेवरच राहिलं. १९५३मध्ये ग्रेस मेडीस, थॉमस आणि वाइनहाउस यांनी गाठींच्या पातळ कापांना किरणोत्सारी कार्बन असलेलं ग्लुकोज आणि ॲसिटेट दिलं. तो कार्बन मेदाम्लांत, म्हणजे फॅटी ॲसिडमध्ये, सापडला. गाठी स्वतः चरबी तयार करत होत्या. या निष्कर्षाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग १९९४मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या कुहायडा यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरमधलं एक अनोळखी प्रथिन ओळखलं. ते निघालं फॅटी ॲसिड सिंथेस, थोडक्यात फास्न. साखरेपासून आलेले दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत सोळा कार्बनचं पामिटेट हे मेदाम्ल बनवणारं हे विकर, म्हणजे एन्झाइम. तीनच वर्षांनी, १९९७मध्ये, तिथल्याच मंडळींनी मोठ्या आतड्याच्या गाठींत ते वाढलेलं दाखवलं, आणि कॅन्सर होण्याआधीच्या पॉलिपमध्येसुद्धा.

हे विचित्र का, तर निरोगी प्रौढ माणसात यकृत, चरबीच्या पेशी आणि दूध देणारा स्तन एवढे सोडले तर फास्न फारसं चालतच नाही. बाकीच्या पेशी रक्तातून येणारं मेदाम्ल घेतात. समोर तयार माल असताना गाठ स्वतः का बनवते? एक म्हणजे पेशी दुप्पट व्हायची तर आवरणही दुप्पट लागतं, आणि आवरण मेदाचंच असतं. दुसरं, स्वतः बनवलेलं मेदाम्ल संपृक्त किंवा एकाच दुहेरी बंधाचं असतं. बहुअसंपृक्त मेद ऑक्सिजनने लवकर खराब होतो आणि लोहाच्या साथीने पेशी मरते. या मरणाला २०१२पासून फेरॉप्टोसिस म्हणतात. आवरणात एकबंधी मेद जास्त असला की पेशी त्यातून वाचते.

आता मला सर्वात आवडणारी गोष्ट. मोठ्या आतड्याचं निरोगी अस्तर मुळात चरबीवरच जगतं! भाज्या, डाळी, भाकरी यांतला न पचलेला तंतू तिथले जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं चार कार्बनचं छोटं मेदाम्ल बनवतात. अस्तराच्या पेशी त्यांची सुमारे ७० टक्के ऊर्जा या ब्युटिरेटमधून काढतात. हे रोडिगर यांनी १९८०च्या सुमारास दाखवलं. कॅन्सरची पेशी साखरेकडे वळते आणि ब्युटिरेट जाळणं कमी करते. न जळलेलं ब्युटिरेट मग केंद्रकात साठतं आणि तिथे जनुकांची उघडझाप बदलून तिची वाढ रोखतं. निरोगी पेशीचं जेवण आणि कॅन्सर पेशीचा अडसर, रेणू तोच.

थोडक्यात, गाठीतली चरबी हा गाठीचा स्वतःचा उद्योग आहे, आणि त्यावरून ताट वाचता येत नाही. ताटाचा संबंध आहे, पण आडवाटेने. प्रश्न येतील तसं त्याबद्दल लिहीन. कुणाच्या औषधाचा सल्ला मात्र इथे देणार नाही, तो आपापल्या ऑन्कॉलॉजिस्टकडून घ्यावा.


चिंगी७

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.


घाणेवाले_काका

ताई, लेख छान. पण एक गोष्ट तुम्ही शिताफीने टाळलीत. अमेरिकेत टॅम्पाच्या डॉक्टरांनी गाठीत बियांच्या तेलाची चरबी पकडली, ही बातमी डिसेंबर २०२४मध्ये सगळीकडे आली होती. रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन यांनीच हे वाढवलंय. आमच्या बापजाद्यांनी लाकडी घाण्याची करडई खाल्ली, कुठे होता तेव्हा हा आजार?


स्लाइडवाली

काका, टाळलं नाही, तुमचीच वाट बघत होते. :)

तो अभ्यास 'गट' (Gut, म्हणजे आतडं) नावाच्या नियतकालिकात आला होता. त्यांनी रुग्णांच्या गाठी आणि शेजारची निरोगी ऊती यांतले मेदरेणू मोजले. अराकिडोनिक आम्लापासून बनणारे दाह भडकवणारे रेणू गाठीत भरपूर होते, आणि दाह शमवणारे रेझोल्विनसारखे रेणू त्या मानाने तुटपुंजे. म्हणजे दाह पेटतो आणि विझत नाही. अभ्यास चांगला आहे. पण रुग्णांनी कोणतं तेल खाल्लं हे त्यात मोजलेलंच नाही. तेलाचं नाव बातमीवाल्यांनी मथळ्यात चढवलं.

दुसरं, तेलातलं लिनोलेइक आम्ल शरीरात अराकिडोनिक होऊ शकतं हे खरं. मात्र आहारातलं लिनोलेइक कमी-जास्त केलं तरी प्रौढांच्या रक्तातलं अराकिडोनिक जवळजवळ हलत नाही, असं या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलं. शरीर ते रूपांतर आवळून धरतं.

आणि तिसरं, रागावू नका. आपल्या पारंपरिक करडईत लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं. शेंगदाण्यापेक्षा कितीतरी जास्त. घाणा लाकडी असो की लोखंडी, मेदाम्लं तीच. लिनोलेइकच गुन्हेगार असेल तर पहिला आरोपी तुमच्या दुकानात बसलाय.


घाणेवाले_काका

चव तरी वेगळी आहे का नाही?


स्लाइडवाली

चवीबद्दल वाद नाही. माझ्या घरीही घाण्याचंच येतं.


तूपभात

मग तुपाचं काय? तुपात ब्युटिरेट असतं असं आमचे योगवर्गातले सर सांगतात. वरच्या माहितीनुसार रोज दोन चमचे तूप म्हणजे आतड्याला थेट औषध झालं की.


प्रयोगवही

मी जीवरसायनात काम करतो, म्हणून हे उत्तर मी देतो. दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्ल खरंच असतं, तीन-चार टक्क्यांच्या आसपास. पण ते जठरात आणि लहान आतड्यातच सुटं होतं, तिथेच शोषलं जातं आणि यकृताकडे जातं. मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाही. तिथे ब्युटिरेट हवं असेल तर ते तिथेच बनायला हवं, म्हणजे तंतू पोटात जायला हवा. तूप भातावर घ्या, फक्त ते आतड्याचं औषध म्हणून घेऊ नका. शेजारी वरणाऐवजी उसळ घेतलीत तर जास्त काम होईल.

ताटाच्या आडवाटेचं उत्तम उदाहरण म्हणजे पिट्सबर्गच्या ओकीफ यांचा २०१५चा प्रयोग. आफ्रिकी-अमेरिकी लोकांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातला, तंतू जास्त आणि चरबी कमी असलेला आहार दिला, आणि तिथल्या खेडुतांना अमेरिकन पद्धतीचा. अमेरिकन गटात ब्युटिरेट वाढलं, दुय्यम पित्ताम्लं घसरली आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी विभागण्याचा वेग कमी झाला. आफ्रिकी गटात बरोबर उलटं. अवघ्या दोन आठवड्यांत!

यातली कळ पित्तात आहे. जेवणात चरबी जास्त तर पित्त जास्त सुटतं, त्यातलं थोडं मोठ्या आतड्यात उतरतं आणि जिवाणू त्याचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात. ते अस्तराला डिवचतं. म्हणजे तेलाचा थेंब गाठीत जाऊन बसत नाही, पण त्याच्यामागे धावलेलं पित्त त्रास देतं.


अर्धवटराव

उंदरांचा पण एक प्रयोग होता ना? जास्त चरबी खाऊ घातली की आतड्यात कॅन्सर. आणि दुसऱ्या प्रयोगात कीटो आहाराने कॅन्सर कमी. उंदरांनी नक्की काय खायचं?


प्रयोगवही

हाहा. दोन्ही प्रयोग खरे आहेत. २०१६मध्ये एमआयटीच्या यिल्माझ यांच्या गटाने उंदरांना ६० टक्के कॅलरी चरबीतून मिळतील असा आहार महिनोन्‌महिने दिला. उंदीर लठ्ठ झाले, आतड्याच्या मूलपेशी वाढल्या, आणि ज्या पेशी मूलपेशी नव्हत्या त्याही तशा वागू लागल्या. मेदाम्लं ओळखणारा पीपार-डेल्टा नावाचा जनुकनियंत्रक त्याच्यामागे होता. मग २०२२मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लेव्ही आणि थाइस यांनी कीटो आहार दिला. त्यात पिष्टमय पदार्थ जवळजवळ नाहीतच, त्यामुळे यकृत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट बनवतं. या रेणूने अस्तरातल्या पेशींची वाढ मंदावली आणि गाठी कमी झाल्या. नुसता तो रेणू पाजला तरी परिणाम दिसला. म्हणजे प्रश्न चरबी किती एवढाच नाही, सोबत पिष्ट किती हाही आहे. आणि दोन्हीकडे प्राणी उंदीर आहे, हे विसरायचं नाही.


निरंजन_नाशिक

माझ्या मावशीची किमो चालू आहे. कीटो सुरू करावं का असा तिच्या मुलाचा आग्रह आहे.


स्लाइडवाली

निरंजन, वर म्हटल्याप्रमाणे तिचा आहार तिच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनीच ठरवायचा. सर्वसाधारण एवढंच सांगते की किमोत वजन आणि स्नायू उतरणं ही मोठी काळजी असते. त्या काळात कुठलाही टोकाचा आहार त्यांना न विचारता सुरू करू नका. मुलाला हा प्रश्न पुढच्या भेटीत सरळ तिथेच विचारायला सांगा.


ओटीतला_माणूस

सर्जनच्या बाजूने दोन शब्द. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये त्याच्याभोवतीची चरबी, मेसोरेक्टम, अखंड पिशवीसारखी काढायची पद्धत इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२मध्ये मांडली, आणि त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. त्या चरबीत लसीकाग्रंथी (लिम्फ नोड्स) असतात म्हणून ती काढायची, एवढंच आम्ही शिकलो. पण केंटकीच्या एका गटाने २०१७मध्ये दाखवलं की शेजारच्या चरबीच्या पेशी आपली मेदाम्लं कॅन्सरच्या पेशींना देतात आणि त्या ती इंधन म्हणून जाळतात, साखर कमी असली तरी तग धरतात. टी-३ गाठ चरबीत शिरते तेव्हा तिला तिथे खायलाही मिळत असावं.

आणखी एक भन्नाट प्रकार. ऑपरेशनमध्ये कॉटरीने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सुरीने, कापताना जो धूर निघतो, तो आम्ही सक्शनने ओढून टाकतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात झोल्टान टाकात्स यांनी तोच धूर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रात, नेला. धुरात पेशींच्या आवरणातले फॉस्फोलिपिड असतात, आणि कॅन्सरच्या ऊतीत त्यांचं प्रमाण वेगळं असतं. काही सेकंदांत यंत्र सांगतं की सुरी कॅन्सरवर आहे की निरोगी ऊतीवर. २०१३च्या त्यांच्या लेखात ९१ रुग्णांच्या ऑपरेशनमधलं निदान नंतरच्या पॅथॉलॉजीशी तंतोतंत जुळलं होतं. स्लाइडवाली ताई, तुम्ही झायलीनमध्ये ओतता आणि आम्ही धुरात उडवतो, त्याच चरबीवर ते निदान करतात.


स्लाइडवाली

वा! फ्रोझन सेक्शनसाठी (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासण्यासाठी) रात्री आठला थांबवून ठेवणाऱ्या सर्जनकडून हे ऐकायला बरं वाटलं.


अर्धवटराव

दाह, प्रोस्टाग्लँडिन वगैरे चाललंय तर ॲस्पिरिनचा विषय कुणी काढत कसं नाही? आमच्या सोसायटीत निम्मे लोक हृदयासाठी घेतात.


प्रयोगवही

बरोबर आठवण केलीत. आवरणातलं अराकिडोनिक आम्ल सुटं झालं की कॉक्स-२ विकर त्याचं दाह भडकवणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ करतं. मोठ्या आतड्याच्या बहुतेक गाठींत कॉक्स-२ वाढलेलं असतं, हे १९९४पासून माहीत आहे. गंमत म्हणजे प्रोस्टाग्लँडिन मोडणारं विकरही गाठीत हरवलेलं असतं. बनवणारं वाढलं, मोडणारं गेलं. ब्राझीलच्या बोझा यांच्या गटाने २००८मध्ये दाखवलं की कॅन्सरच्या पेशींत साठलेले मेदाचे थेंब ही नुसती कोठारं नसून हे रेणू तिथेच बनतात.

कॉक्स-२ अडवायचा मोठा प्रयत्न झाला तो रोफेकॉक्सिबने, म्हणजे व्हायॉक्सने. ते बाजारातून गेलं ते सांधेदुखीच्या चाचणीमुळे असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात आतड्याचे पॉलिप परत येऊ नयेत म्हणून चाललेल्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात वाढलेले दिसले, आणि ३० सप्टेंबर २००४ला कंपनीने औषध मागे घेतलं. पॉलिप कमी झाले होते, पण किंमत फार होती.

ॲस्पिरिनची गोष्ट जास्त सावकाश पुढे सरकली. लिंच सिंड्रोम असलेल्या, म्हणजे जन्मतः धोका जास्त असलेल्या लोकांत रोज ६०० मिलिग्रॅम घेतल्याने पुढच्या काळात आतड्याचे कॅन्सर कमी झाले. मग २०२५मध्ये स्वीडनमधून चाललेल्या अलास्का चाचणीचा निकाल आला. ऑपरेशन झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीत पीआयके-३-सीए जनुकात ठरावीक बदल होते, त्यांना तीन वर्षं रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा नुसती साखरगोळी दिली. तीन वर्षांत कॅन्सर परतला तो ॲस्पिरिन गटात ७.७ टक्क्यांचा, दुसऱ्या गटात १४.१ टक्क्यांचा. आपल्याकडेही काम चालू आहे: ब्रिटनमधल्या ॲड-ॲस्पिरिन चाचणीत मुंबईचं टाटा मेमोरियल भागीदार आहे, आणि त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सरही येतो.


स्लाइडवाली

इथे एक पुरवणी. हा फायदा जनुक तपासलेल्या, ऑपरेशन झालेल्या रुग्णांत दिसलाय. सोसायटीतल्या निम्म्या लोकांसाठी हा निष्कर्ष नाही, ॲस्पिरिनने रक्तस्रावही होतो. मात्र ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी पीआयके-३-सीएची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. गाठीचा मेणातला तुकडा (ब्लॉक) जपून ठेवलेला असतो, त्यातूनच ती होते.


चिंगी७

फास्नच वाढलेलं असतं तर तेच बंद करायचं औषध का नाही? बारीक व्हायची ऑर्लिस्टॅट गोळी फास्न अडवते असं वाचलं. आणि ती तर आतड्यातच राहते, म्हणजे गाठीच्या दारात!


प्रयोगवही

प्रश्न झकास आहे. ऑर्लिस्टॅट फास्नला अडवते हे २००४मध्ये कळलं, पेशींच्या पातळीवर. पण ती जेमतेमच शोषली जाते आणि बहुतेक मलावाटे जाते. आतड्याच्या पोकळीतून गाठीचा फक्त वरचा पृष्ठभाग तिच्या वाटेत येतो. खोलवरचा भाग, लसीकाग्रंथी आणि यकृतात पोचलेल्या पेशी रक्तावर पोसतात. शिवाय तेलकट जुलाब आणि जीवनसत्त्वं शोषण्यात घट. आधीच आतडं कापलेल्या माणसाला हे नकोच.

नीट शोषली जाणारी फास्नरोधक औषधं नंतर आली. केंटकीच्या झायत्सेवा यांच्या गटाने त्यातलं एक रुग्णांच्या गाठी वाढवलेल्या उंदरांवर तपासलं. काही गाठी आकसल्या, काहींना फरकच पडला नाही. मग त्यांनी पाहिलं की फास्न अडवल्यावर पेशी सीडी-३६ वाढवतात, म्हणजे बाहेरचं मेदाम्ल आत ओढणारं दार. घरची चूल बंद केली तर पोरांनी सरळ डबा लावला! म्हणून आता दोन्ही एकदम अडवता येईल का, याकडे लक्ष आहे. याच कुळातलं डेनिफान्स्टॅट सध्या फॅटी लिव्हर आणि मुरुमांवरच्या चाचण्यांत जास्त पुढे गेलंय.

आणि फास्न जास्त म्हणजे परिणाम वाईटच असंही नाही. बॉस्टनच्या ओगिनो यांनी २००८मध्ये साडेसहाशेच्या आसपास रुग्णांच्या गाठी तपासल्या. ज्यांचं वजन बेताचं होतं त्यांच्यात फास्न जास्त असलेले रुग्ण उलट जास्त जगले. बीएमआय २७.५च्या वर असलेल्यांत मात्र तसं झालं नाही, तिथे फास्न जास्त असलेल्यांचं नुकसान झालं. एक अंदाज असा की बेताच्या वजनाच्या माणसात गाठ स्वतःच्या फास्नवर विसंबून असते. लठ्ठ माणसात आजूबाजूची ऊर्जा मुबलक असते, त्यात गाठीला स्वतःचा उद्योगही असला तर दुहेरी पुरवठा.


तूपभात

म्हणजे पोटाचा घेर कमी करणं तुपाच्या चमच्यापेक्षा महत्त्वाचं?


स्लाइडवाली

हो. लठ्ठपणा, दारू, तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस यांचा या कॅन्सरशी असलेला संबंध चांगला सिद्ध झालाय, तुपाच्या चमच्याचा नाही. आणि आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत येणारे या आजाराचे बरेच रुग्ण पन्नाशीच्या आतले असतात. शौचावाटे रक्त गेलं की मूळव्याध असेल म्हणून चार-सहा महिने मलम लावत बसू नका, तपासून घ्या.


निरंजन_नाशिक

मावशीच्या रिपोर्टात टी-३ आहे, आणि खाली 'लिम्फ नोड्स ०/१६' असं लिहिलंय. त्याचा अर्थ?


स्लाइडवाली

सर्जनने काढलेल्या चरबीतून १६ ग्रंथी शोधून काढल्या आणि एकीतही कॅन्सर सापडला नाही. किमान बारा तरी तपासल्या जाव्यात अशी अपेक्षा असते, तेव्हा काम नीट झालेलं आहे. तरी किमो का दिली, हे रिपोर्टातल्या बाकीच्या ओळींवर ठरतं. शिरांत शिरकाव आहे का, एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) तपासणी काय सांगते, आतडं तुंबलं होतं का. तो कागद घेऊन तिच्या डॉक्टरांना हे तिन्ही विचारा.


चिंगी७

दंडवत. एमएमआरवर वेगळा धागा काढा ना.